नावं ठेवणाऱ्यास

प्रति,
टाइल्सच्या कॅटलॉगातल्या रंगांना नावं ठेवणारे गृहस्थ (किंवा बाई),
मुक्काम ठाऊक नाही.

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. पण गेले अडीच महिने चंदीगडातल्या आमच्या या दोन खोल्यांच्या सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये तुमच्याइतका उद्धार दुसऱ्या कुणाचा झालेला नाही. जेवताना होतो, दात घासताना होतो. म्हटलं, एकदा समोरासमोर बोलावं.

तुम्ही ज्या टाइलचं नाव 'आयव्हरी' ठेवलंत, ती आम्ही बाथरूमसाठी पंचकुल्याच्या एका दुकानात पसंत केली. पसंत केली म्हणणं तसं धाडसाचंच. समोर पाच टाइल्स उभ्या होत्या. आयव्हरी, बोन, व्हॅनिला, लिनन आणि 'सहारा विस्पर'. पाचही पांढऱ्या. बायको म्हणाली, तिसरी जरा पिवळी वाटते. दुकानदाराने तिसरीची आणि पहिलीची जागा बदलली, तर आता पहिली पिवळी वाटायला लागली. हस्तिदंत मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही म्युझियमच्या काचेआड. आणि वाळवंट कुजबुजलं तर त्या कुजबुजीचा रंग कोणता, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत?

माझी आई मूळची वाईची. तिच्या तरुणपणी लुगड्याच्या दुकानात 'आमसुली' म्हटलं की दुकानदाराचा हात बरोबर त्याच गठ्ठ्यात जायचा. अबोली, पारवा, विटकरी, डाळिंबी, श्रीखंडी. नाव घेतलं की वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि वाद झालाच तर फडताळातून आमसूल काढून लुगड्याशेजारी धरता येतं. तुमचं 'लिनन' मी कशाशेजारी धरू? अहो, सरकारसुद्धा तुमच्यापेक्षा बरं. तेलरंगांसाठीचं भारतीय मानक आहे, आयएस ५. त्याच्या यादीत 'फिरोजी' आहे, 'पोस्ट ऑफिस रेड' आहे. टपालपेटी पाहिलेल्या कुठल्याही माणसाला तो डबा उघडूनही पाहावा लागत नाही.

आणि हे सगळं कुठे, तर चंदीगडात! ज्याने हे शहर आखलं त्या ल कोर्बुझिएने १९३१ साली स्वित्झर्लंडच्या एका वॉलपेपर कंपनीसाठी ४३ रंग निवडून दिले, १९५९ साली आणखी २०. एकूण ६३. त्यांतल्या कितीतरी रंगांची नावं म्हणजे नुसता कच्चा माल: तांबडी गेरू, भाजलेली सिएना माती, अल्ट्रामरीन. इथल्या हायकोर्टाच्या दाराशी तीन प्रचंड खांब आहेत, हिरवा, पिवळा आणि तांबडा. वकिलाला 'हिरव्या खांबापाशी भेटू' म्हटलं की तो सापडतो. तुम्ही नावं ठेवली असतीत तर अर्ध्या तारखा चुकल्या असत्या.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहीत नाही. तिथे 'हायलायटर' म्हणून कॉफीच्या बियांचं चित्र आमच्या गळ्यात मारलं गेलं. आमच्याकडे कॉफी कुणी पीत नाही.

आता मुख्य गोष्ट. बाथरूमची भिंत खांद्यापर्यंत आली आणि टाइल्स संपल्या. मिस्त्रीचा अंदाज चार खोक्यांनी चुकला होता. पुन्हा तीच आयव्हरी मागवली. आली, लागली, आणि संध्याकाळी ट्यूब लावली तर खांद्याच्या उंचीवर भिंतीला चक्क क्षितिज! खाली तूप, वर फिक्कट गुलाबी. दुकानात फोन केला. "सर जी, उन्नीस-बीस का फर्क है." मग खोकी पाहिली. नाव तेच होतं, पण शेवटी बारीक अक्षरात छापलेला शेड नंबर वेगळा. मला तोवर माहीत नव्हतं की भट्टीचं तापमान किंचित इकडेतिकडे झालं तरी झिलईचा रंग सरकतो, म्हणून भाजून निघालेला माल छटेप्रमाणे वेगळा काढतात आणि खोक्यावर नंबर टाकतात. म्हणजे खरं नाव तो नंबरच. तुमचं आयव्हरी म्हणजे नुसता मुखवटा. मग तो मोठ्या अक्षरात का, आणि नंबर मुंगीएवढा का?

आईचा डावा डोळा हिवाळ्यात मोतीबिंदूसाठी झाला, उजवा व्हायचाय. मोतीबिंदूने भिंग पिवळट होतं, त्यातून निळा उजेड कमी आत येतो. ती बाथरूमच्या दारात उभी राहिली, एक डोळा मिटला, मग दुसरा. म्हणाली, "डाव्याने बघितलं तर वरची गुलाबी दिसते. उजव्याने दोन्ही सारख्याच. माझं दुसरं ऑपरेशन नको करू, भिंत जुळलीय."

इथवर मीही हसत होतो.

पण तुमच्या कॅटलॉगात सगळं सगळ्याशी 'मॅचिंग' असतं. भिंत आयव्हरी, म्हणून जमीन 'सँड बेज', म्हणून उंबरठाही सँड बेज, आणि आंघोळीच्या जागेकडे उतरणारी तीन इंचांची पायरीही तीच. गेल्या मंगळवारी पहाटे पाचला आईला ती पायरी दिसलीच नाही. दिसणार कशी? खाली पाहिलं तर जमीन कुठे संपते ते डोळस माणसाला कळत नाही. तिने नळ धरला म्हणून वाचली. दंडावर अजून काळंनिळं आहे. तुमच्या त्या गुळगुळीत फोटोंतल्या एका तरी बाथरूममध्ये कधी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई उभी केली आहेत? बादली? पाट? कुणाच्या आंघोळीसाठी बनवता हो तुम्ही या खोल्या? पायरीची कड वेगळ्या रंगाची असावी, एवढी अक्कल वाईच्या आमच्या जुन्या वाड्यात शेणाने सारवणाऱ्या बायकांना होती. सारवून झालं की त्या उंबरठ्याला कावेचा पट्टा ओढायच्या.

बुधवारी मी लाल तेलरंगाचा छोटा डबा आणून पायरीच्या कडेला दोन इंचांचा पट्टा ओढला. बायकोला तो भयंकर दिसतो. आहेच भयंकर.

पट्टा वाळेपर्यंत बाहेर खोक्यावर बसलो होतो, ते तुमच्याच आयव्हरीचं होतं. तेव्हा प्रथमच मनात आलं, तुमच्या पुढ्यात काय येत असेल? एकाच पांढऱ्याचे चाळीस तुकडे, आणि शनिवारपर्यंत चाळीस नावं हवीत म्हणून साहेबाचा तगादा. पांढरा-१, पांढरा-२ असं लिहिलं तर नोकरी जाईल. तुम्ही कदाचित मराठीतच एम. ए. असाल. पहिल्या दिवशी तुम्ही 'ताकाची निवळ' सुचवलं असेल, आणि ते खोडून वर कुणीतरी सहारा विस्पर लिहिलं असेल. संध्याकाळी ज्या भाड्याच्या खोलीत परतत असाल तिथली मोरी नीळ घातलेल्या चुन्याची असेल, आणि तिचा रंग कुणी तुम्हाला विचारलेला नसेल. तसं असेल तर वरचा अर्धा मजकूर तुमच्या साहेबाला वाचून दाखवा.

बाकीचा अर्धा तुमच्यासाठीच आहे. किमान नंबर तरी मोठा छापा.

आपला,
खांद्यापर्यंत आयव्हरी

ता. क. जुन्या बाथरूमच्या सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स फोडून मलब्याच्या ट्रॉलीतून गेल्या. त्यांना नाव नव्हतं. या शहरात नेकचंद म्हणून एक रोड इन्स्पेक्टर होते. असल्याच फुटक्या टाइल्स, कपबश्या आणि बेसिनं गोळा करून त्यांनी वर्षानुवर्षं लपूनछपून रॉक गार्डन उभं केलं. ते १९७६ साली लोकांना खुलं झालं. रविवारी आईला घेऊन गेलो होतो. तिथे कुठलाच तुकडा शेजारच्याशी जुळत नाही. आई काठी टेकत रंगांची नावं घेत चालली होती, हा पोपटी, हा गुलबक्षी, हा बघ अगदी आपला पारवा. आमच्याकडे गुलाबी बॅचची दीड खोकी उरली आहेत. नेकचंद २०१५ साली गेले. खोकी जिन्याखाली ठेवली आहेत.