नॅनोमीटरभाऊ

परक्याचं भांडण अंगावर घ्यायची हौस काही माणसांना उपजतच असते. कुणी पक्षासाठी भांडतो, कुणी क्रिकेटसाठी. वर्धा जिल्ह्यातल्या आंजी मोठीतले आमचे भाऊ एएमडी या प्रोसेसर-कंपनीसाठी इंटेलशी भांडतात. दुकान झेरॉक्स-ऑनलाइन कामांचं, बोलणं मात्र नॅनोमीटरचं. आईबापानं ठेवलेलं नाव गाव कधीच विसरलं.

"इंटेलनं २०१४ मध्ये १४ नॅनोमीटर आणलं, न् मंग? दहाचं तुणतुणं २०१९ पावतर वाजवलं! तेवढ्यात आपल्यानं सात काढलं ना, बाप्पा!" समोरचा शेतकरी सोयाबीनच्या पीकविम्याला आलेला असतो. सात ऐकून तो पिशवीतून सातबारा काढतो.

पुण्यात जन्मलेले विनोद धाम इंटेलमध्ये १९९३ चा पेंटियम घडवून पुढे एएमडीच्या के-६ कडे आले. हे पक्षांतर भाऊ घरवापसी म्हणून सांगतात.

२०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप कारखाना तळेगावला येणार येणार म्हणता गुजरातेत गेला. भाऊंनी दिवसभर शटर पाडलं. लोक सांत्वनाला जमले. अर्ध्यांना वाटलं, गेलं ते आपलं श्यामजीपंताचं तळेगाव. पुण्याजवळचं आहे कळल्यावर चहा न घेताच उठले. पुढच्या वर्षी फॉक्सकॉननं त्या भागीदारीतून अंग काढलं, तेव्हा कुठे भाऊंना नीट जेवण गेलं.

घात केला सेवाग्रामला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्यानं. "मामाजी, एएमडीले स्वतःचा कारखानाच नाई. २००९ मध्येच वेगळा केला. त्याईच्या चिपा तैवानची टीएसएमसी बनवते. न् २०२४ मधल्या इंटेलच्या नव्या प्रोसेसरचा मुख्य भागबी तिथंच बनला. दोघाईचा कापूस एकाच जिनिंगात, न् तुम्ही काहून भांडून राह्यले?" वर हेही सांगितलं, की हा नॅनोमीटरचा आकडा आता मोजमाप राहिलेला नाही. चिपवरच्या कुठल्या भागाच्या लांबीशी त्याचा थेट संबंध नसतो. पिढीचं नाव आहे नुसतं. इंटेलनं तर २०२१ मध्ये आपल्या दहाच्याच सुधारित पिढीला 'इंटेल ७' म्हणून टाकलं.

भाऊ गप्प झाले. गावानं हे प्रथमच पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "म्हणजे आपलाच हुशार! कारखान्याचा ताप दुसऱ्याच्या डोक्शावर, न् नाव आपलं!"

भांडण असं वाचलं. भाऊंच्या दुकानातला संगणक मात्र २००६ साली आलेल्या ६५ नॅनोमीटरच्या कोअर टू ड्युओवर चालतो. तो इंटेलचा. विचारलंच, तर म्हणतात, "दुश्मन कामाले जुंपला हाये."

तुम्ही भाऊंकडे खुशाल जा. माणूस मदतीला तत्पर, पैसे वाजवी घेतो. फक्त तुमच्या लॅपटॉपवर इंटेलचं स्टिकर असेल, तर ते आधी नखानं खरवडून काढा.