लाल दिव्याचा मान

मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा १ मे २०१७ ला उतरला. सेट-टॉप बॉक्सवरचा उतरवणं अजून कोणाला जमलेलं नाही.

२२ एप्रिलला सोसायटीच्या ग्रुपवर हिरवीगार पृथ्वी टाकणारे सेक्रेटरी काका रोज झोपण्यापूर्वी घरभर गस्त घालतात. बाथरूमचा दिवा बंद, मुलाच्या खोलीतला पंखा बंद, शिवाय वीज काय फुकट येते का, हा प्रश्न मुलाला. मग रिमोटचं बटण दाबतात. हिरवा दिवा लाल होतो आणि काका निश्चिंत होतात.

बॉक्स मात्र जागाच असतो. पडद्यावरचं चित्र गेलं तरी आतली बरीचशी यंत्रणा चालूच राहते, आणि जुने बॉक्स अशा ‘बंद’ अवस्थेतही जवळपास चालू असताना लागते तेवढीच वीज खातात. पहाटे त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहावा, कोमट लागतो. म्हणजे खाल्लेल्या विजेची उष्णता होते, ती खोलीत पसरते आणि मे महिन्यात ती बाहेर काढायला त्याच खोलीतला एसी पुन्हा वीज खातो. या बॉक्सवर काकूंनी क्रोशाचा रुमाल घातलेला आहे. त्याला थंडी वाजू नये म्हणून असावा.

बॉक्सचे दहा वॅट म्हणजे काय मोठंसं, असं काका म्हणतात. टीव्ही रोज चार तास पाहिला तर उरलेले वीस तास बॉक्स कोणासाठीही चालू नसतो. वर्षाचे ७३ युनिट. अशी एक कोटी घरं धरली तर ७३ कोटी युनिट, आणि रात्री दोन वाजता, सगळे घोरत असताना, १०० मेगावॉटची मागणी. चंद्रपूरला २१० मेगावॉटचे संच आहेत. त्यातला जवळपास अर्धा संच या दिव्यांच्या सेवेला. ही सगळी वीज कोळशाची धरली तर वर्षाला साडेचार लाख टनांच्या आसपास कोळसा जळतो. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, तेव्हा दीड लाख टन राख उरते. ती काकांच्या सोसायटीत येत नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे तापणाऱ्या चंद्रपूरच्याच वाट्याला ती जाते, आणि तिथल्या माणसाला कोणतं चॅनेल लावायचं हे कोणी विचारलेलं नसतं.

आणि त्याच रात्री दोन वाजता जुन्नरकडचा शेतकरी बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला निघतो. शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी असते, आणि त्या आठवड्यात रात्रपाळी असेल तर मोटार रात्रीच चालवायची. शेजारी ऊस, उसात बिबट्या. ही काही कल्पित भीती नाही, त्या भागात माणसं मेली आहेत. ज्याला पिकवायचं आहे त्याला वीज तासांवर मोजून, आणि ज्याला काही करायचंच नाही त्या डब्याला अष्टौप्रहर! भारनियमन कधी या डब्याचं झालंय? याला निष्काळजीपणा म्हणणं म्हणजे सौजन्य झालं, हा माज आहे.

युरोपात साध्या घरगुती उपकरणांनी निष्क्रिय असताना एक वॅटपेक्षा जास्त वीज खाऊ नये, असा नियम २०१० मध्येच लागू झाला. २०१३ पासून बहुतेकांची मर्यादा अर्ध्या वॅटवर आली. आपल्याकडे नियमाची वाट पाहायचीही गरज नाही, भिंतीवर बटण आहे. फक्त ते टीव्ही युनिटच्या मागे आहे. सुताराने सहा फुटी युनिट भिंतीला ठोकून बसवलं तेव्हा बटण आत गेलं, ते आजतागायत कोणी पाहिलेलं नाही. शिवाय बटण बंद केलं तर सकाळी बॉक्स सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात राशिभविष्य निघून जातं. मुलाने स्वतंत्र बटणाचा एक्स्टेन्शन बोर्ड आणून युनिटच्या पुढे ठेवला होता. काकूंनी तो दुसऱ्याच दिवशी माळ्यावर टाकला. पाहुणे येणार होते, आणि वायर दिसत होती.