गिरणी बंद, साडी अडकली

अहो, जरा भिंतीपाशी या ना… आणि हळू बोला, गल्लीच्या तोंडाशी तो कानात वायर घातलेला पोरगा उभा आहे. सकाळपासून नुसता "सायलेन्स, सायलेन्स"! माझी भाजणी डब्यात तशीच पडलीय, कारण गिरणी बंद. पट्ट्याची फटफट शूटिंगमध्ये येते म्हणे. गिरणीवाल्याला तीन दिवसांचे पैसे मिळालेत. किती, ते मेला सांगत नाही, नुसता मिशीत हसतो. आणि आपण मात्र वाटीवाटीनं पीठ उसनं मागतोय.

आता वाईला शूटिंग का नवीन आहे? 'मृत्युदंड'पासून बघतोय की आपण. 2003च्या 'गंगाजल'मध्ये बिहार झालो, 'दबंग'ला उत्तर प्रदेश, आणि 'चेन्नई एक्सप्रेस'ला तर थेट मद्रासकडचे! मेणवलीच्या घाटावर शाहरुख येऊन गेला, तर 'स्वदेस'मध्ये गावाचं नाव चरणपूर. अहो, नाना फडणवीसांचा घाट तो, शेजारी वसईच्या लढाईतली ती पोर्तुगिजांची घंटा… पण वाईला वाई म्हणून दाखवतील तर शप्पथ!

तर काय सांगत होते… हां, पाट्या. आपल्या औषधांच्या दुकानावर यांनी काय लावलंय, पाहिलंत? "देसी शराब का ठेका"! आणि आमचे मामंजी गेले बीपीच्या गोळ्या आणायला. शटर अर्धं खाली, म्हणून पाटीखाली उभे राहिले बिचारे पंधरा मिनिटं. तेवढ्यात ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन त्यांचे मित्र समोरून आले. "काय हो, या वयात?" म्हणाले. मामंजी घरी आले, गोळी न घेताच भिंतीकडे तोंड करून झोपले.

पण खरी बातमी पुढेच आहे. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या धाकट्या वहिनींना मॉबमध्ये घेतलं! घागर कमरेवर घेऊन विहिरीपासून चालत यायचं, बस्स. "घरातली साधी साडी नेसून या" असं सांगितलं होतं त्यांना. पण साधी नेसतील तर त्या वहिनी कसल्या! थोरल्या जाऊबाई साताऱ्याला माहेरी गेलेल्या, त्यांच्या कपाटातली जांभळी नारायणपेठ काढली. न विचारता बरं का.

पहिल्या दिवशी अकरा वेळा चालवलं त्यांना. निऱ्या भिजून चिंब. संध्याकाळी तो असिस्टंट म्हणतो, "भाभीजी, कल भी यही साडी. कंटिन्युइटी है." तीन दिवस तीच साडी हो! धुवायचीसुद्धा नाही, पदरावरचा चिखलाचा डागसुद्धा तिथेच हवा म्हणे.

आणि आज दुपारच्या एसटीनं जाऊबाई हजर! पिशवी हातात तशीच, हिरो दिसतोय का म्हणून दोरीपाशी घुसल्या. आणि दिसलं काय, तर स्वतःची नारायणपेठ चालत येतेय! त्यांनी तोंड उघडलं मात्र, तो पोरगा ओरडला, "सायलेन्स!" काय करतील बिचाऱ्या? नुसते डोळे. इकडे वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, घागर हिंदकळतेय, तरी पाय थांबवता येईनात. कॅमेरा चालू ना! हिरोकडे कुणाचं लक्षच नाही, आम्ही सगळ्या या दोघींकडे बघतोय.

"कट" झालं तशा जाऊबाई दोरीखालून आत. आवाज अगदी गोड. "घागर तरी स्वतःची आहे ना गं?"

वहिनी पुटपुटल्या, "कंटिन्युइटी आहे हो…"

"खड्ड्यात गेली कंटिन्युइटी! उद्या माझ्या भाचीचं केळवण आहे."

मग तो असिस्टंट धावत आला, हात जोडले, "मॅडम, सिर्फ कल तक." मॅडम म्हटल्याबरोबर जाऊबाईंनी पदर सारखा केला. आणि त्यानं पुढे काय म्हणावं? "आप भी आइए ना, कुएं पर एक औरत चाहिए." झालं! केळवण गेलं परवावर. आता संध्याकाळपासून दोघी एकाच आरशासमोर, आणि सासूबाई एकट्या पोळ्या लाटतायत. त्याही कुणाकडून तरी मागून आणलेल्या पिठाच्या… कुणाकडून ते मी नाही सांगणार, पण माझी वाटी अजून परत आलेली नाही.

थांबा, थांबा… ती फटफट ऐकलीत? अगंबाई, आजचं पॅकअप झालं वाटतं! अहो, डबा घ्या तुमचाही, नाहीतर नंबर जाईल.