पोहे तर हलकेच असतात!

उज्जैनच्या देवास गेटला सकाळीच वाफेवर पोह्यांचा डोंगर चढतो. वर मूठभर शेव, जिरावण मसाला, बाजूला पाकात निथळणारी जिलेबी. माळव्यातली आमची मराठी पोरं हे 'हलकं' म्हणून खातात आणि महाकालला जायला ई-रिक्षा करतात. अंतर जेमतेम दोन किलोमीटर! दिवसभर खुर्ची, रात्री उशिरापर्यंत मोबाइल, मध्येच घरपोच पिझ्झा. आई कौतुकाने म्हणते, "पोरगं बाळसं धरतंय." वय वर्षे सव्वीस.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. आमच्या पोरांची जिमची वर्षभराची फीही भरून झालीय. उतरलं ते फक्त पाकिटाचं वजन. पोरांनो, जिलेबी खा, पण महाकालला पायी जा.