काल्पनिक फौजदाराचे खरे गाव

११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने सिसिलीचा आग्नेय भाग जमीनदोस्त झाल्यावर तेथील गावांनी बरोक शैलीत, म्हणजे सरळ रेषेला शक्यतो बाक दिल्याखेरीज न सोडणाऱ्या नक्षीदार वास्तुशैलीत, स्वतःला नव्याने उभारले. त्यांपैकी आठ गावे २००२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. तथापि या खटाटोपाचे खरे प्रयोजन १९९९ मध्ये उमगले, जेव्हा आंद्रेआ कामिल्लेरी यांच्या कादंबऱ्यांतील फौजदार मोन्ताल्बानो दूरचित्रवाणीवर अवतरला आणि त्याच्या विगाता या अस्तित्वात नसलेल्या गावासाठी ही अस्तित्वात असलेली गावे नेपथ्य म्हणून कामी आली.

त्यांपैकी रागुसाच्या इब्ला भागातील चढत्या चौकाच्या माथ्यावर, चौकाशी किंचित तिरके उभे असलेले सान जोर्जो हे वास्तुविशारद गाल्यार्दीचे चर्च पाहताना पर्यटक ‘हे मालिकेत दिसते’ असे म्हणून पायऱ्यांवर फोटो काढतात, आणि वास्तुकलेचे याहून नेमके रसग्रहण संभवत नाही. त्यांपैकीच शिक्ली या गावी नगरपालिकेची इमारत मालिकेत पोलीस ठाणे होते व महापौरांचे दालन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचे. हे दालन तिकीट काढून पाहता येते. ही व्यवस्था आणखी एक पायरी पुढे नेऊन नागरिकांनी पाणीपट्टीची गाऱ्हाणीही पटकथेच्या स्वरूपातच सादर करावीत, हे सयुक्तिक ठरेल.

गर्दीत पाकीट मारले गेलेल्या पर्यटकाने मात्र खऱ्या ठाण्याची वाट धरू नये, कारण तेथे तपास भागाच्या अखेरीस संपतोच असे नाही.