जक्कयाचा हिशेब

पन्नासेक कॅथलिक संस्थांनी कॅनडातल्या मूळ रहिवाशांना २००६च्या करारात शब्द दिला होता. निवासी शाळांनी केलेल्या जखमा भरून याव्यात म्हणून भाविकांकडून अडीच कोटी डॉलर गोळा करायची शिकस्त करू, असा. गोळा झाले चाळीस लाखांहूनही कमी. २०१५ मध्ये सस्कॅचेवानच्या न्यायालयाने बारा लाख डॉलर भरून घेतले आणि त्यांना उरलेल्या जबाबदारीतून मोकळे केले. त्याच प्रांतात, सास्काटून शहरात, त्या वर्षांत सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलर खर्चून नवे कॅथेड्रल उभे राहिले होते. तेव्हा कुणाचा हात आखडला नाही.

या निवासी शाळांत मूळ रहिवाशांची दीड लाखाहून जास्त मुले गेली. पैसा सरकारचा, शाळा चालवणार चर्च. मुलांना आईबापांपासून तोडले, मातृभाषेतला शब्द तोंडातून निघाला म्हणून मारले. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. यातली शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली, म्हणजे तिथे शिकलेली माणसे आज नोकरी करतात, नातवंडे सांभाळतात, आणि काही जण रविवारी त्याच चर्चच्या बाकावर बसतात. ‘जुनी गोष्ट आहे, आता पुढे जाऊ या’ म्हणणाऱ्यांनी आधी त्या बाकाकडे पाहावे.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने दोन हिशेब वेगवेगळे मांडले. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट. पहिले दान, दुसरी परतफेड. कॅनडातल्या चर्चांनी हीच दोन खाती एकत्र केली. दान मनाला येईल तेवढे द्यायचे असते, त्याची करसवलतीची पावती मिळते, वर घेणाऱ्याने आभार मानावेत अशी अपेक्षाही असते. परतफेडीत यातले काहीच बसत नाही. ज्याचे देणे लागतो तो रक्कम मोजून घेतो, आणि तिचे काय करायचे ते स्वतः ठरवतो.

निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली ६१वी थेट चर्चांसाठी आहे: कायमस्वरूपी निधी उभारा, आणि उपचाराच्या, भाषेच्या, संस्कृतीच्या कामांचे नियंत्रण मूळ रहिवासी समाजांकडे असू द्या. पैसे द्यायला माणूस एक वेळ तयार होतो, पण कारभार सोडायला होत नाही. चर्चची खरी परीक्षा इथेच आहे.

काहींनी ही वाट धरली, आणि ते मनापासून सांगायला हवे. अँग्लिकन चर्चचा उपचार निधी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. त्यातून आता भाषा जगवणाऱ्या कामांना मदत मिळते. ज्या संस्थेच्या शाळेत क्री भाषा बोलले म्हणून छडी बसत होती, तिचाच पैसा आज नातवंडांना आजीची भाषा शिकवण्यासाठी जातो. हीच खरी परतफेड, कारण जे हिरावले तेच परत दिले जाते. पुढचे पाऊल २०१४ मध्ये पडले. उत्तर ऑन्टॅरिओ आणि मॅनिटोबातल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांसाठी मिशामिकोवीश हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि लिडिया मामाक्वा त्याच्या बिशप झाल्या. एकत्र सुवार्ता सांगायची तर आधी असे बरोबरीने बसावे लागते. त्यात एकाने शिकवायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, हे चालत नाही.

युनायटेड चर्चने १९८६ मध्ये सडबरी इथे मूळ रहिवाशांची माफी मागितली. वडीलधाऱ्यांनी ती ऐकून घेतली. दोन वर्षांनी उत्तर आले: माफी पोचली, स्वीकारली असे मात्र म्हणत नाही. तिथे रचलेला स्मारकाचा दगडी ढीगही मुद्दाम अपुरा ठेवला. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. शब्द खरा आहे की नाही, हे वागणुकीवरून ठरवायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. पैसे देऊन तो हक्क विकत घेता येत नाही.

मे २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या निवासी शाळेच्या आवारात नोंद नसलेल्या दफनांच्या खुणा सापडल्याची बातमी आली. चार महिन्यांत कॅथलिक बिशपांनी तीन कोटी डॉलरचे नवे वचन दिले. नव्या निधीच्या संचालक मंडळावर मूळ रहिवासी समाजातली माणसे आली, हे चांगले झाले. पण वचनाची मुदत पाच वर्षांची होती आणि आयोगाने मागितला होता कायमचा निधी. म्हणून कॅनडातल्या प्रत्येक ख्रिस्तमंडळीने वार्षिक सभेत खजिनदाराला उभे करून विचारावे, की सहाव्या वर्षाची रक्कम कोणत्या पानावर लिहिली आहे, आणि ती खर्च करण्याची सही कोणाची.