पोटातला फुगा आणि आकड्यांची टाचणी

पोटातली महाधमनी कधीकधी फुग्यासारखी फुगते. बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. फुटली की मात्र बरेचजण हॉस्पिटलपर्यंतही पोचत नाहीत. म्हणून सर्जन ती आधीच दुरुस्त करतात. तारीख देऊन, सही घेऊन.

तारीख देऊन केलेल्या या ऑपरेशनात किती दगावतात? २००८ साली युरोपातल्या सर्जनांनी आपापल्या वह्या शेजारी शेजारी उघडल्या. सरासरी निघाली साडेतीन टक्के. ब्रिटनची सातच्याही वर.

राणीचं राज्य, फुकट उपचार, आणि निकाल शेवटून पहिला!

मग कुरकुर झालीच. आमच्या नोंदी अपुऱ्या आहेत हो! असतील. पण त्या ठेवायच्या कोणी होत्या?

शेवटी तिथल्या सर्जनांच्या संघटनेनेच कंबर कसली. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाने हृदय-फुप्फुसं नीट तपासायची, प्रत्येक केसवर चौघांनी बसून बोलायचं, वर्षाला चार-दोन केस करणाऱ्यांनी हौस आवरायची. २०१२पर्यंत आकडा २.४ टक्क्यांवर आला. (जांघेतून नळी सरकवून आतून अस्तर बसवायचं तंत्रही तेव्हा फोफावलं होतं. सगळे हार आकड्यांच्याच गळ्यात नकोत.)

२०१३ला इंग्लंडमध्ये सर्जनच्या नावानिशी निकाल जाहीर झाले. लगेच नवी शंका. अवघड पेशंटला ‘बेड नाही’ म्हटलं की आकडा सुधारतो.

सर्जनचा. पेशंटचा नाही.

निकाल मोजून उघड करण्याची ही भानगड जुनीच. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलातल्या ३३७ पेशंटमागे १२३ चुका मोजल्या आणि चक्क छापल्या. इतरांनीही मोजा म्हणाला. वर १९१५ साली भर सभेत वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाचं व्यंगचित्र लावलं. पोटावर पाय आला, तो त्याच्याच.

स्वीडन १९८७पासून रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनांची नोंदवही चालवतंय. तिथे शहामृग कमी असावेत.

आणि आपल्याकडे? डॉक्टरसाहेबांना विचारून पाहा, ‘तुमच्या हातचे किती बरे होतात?’ नर्स तुमच्याकडे बघेल, नातेवाईक कोपर मारतील, डॉक्टर वर बोट दाखवतील. वरच्या मजल्यावर नव्हे, त्याच्याही वर.

आपण नोंदीच ठेवत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. कापसाचे बोळे किती, हातमोजे किती, सुया किती, सगळं बिलात ओळीने असतं. पण रक्तवाहिनी तुंबली म्हणून पाय वाचवायला आलेला माणूस वर्षभराने त्याच पायावर चालतो का?

त्याचा दर ठरलेला नाही. म्हणून रकाना नाही.